पाण्याखालच्या खाचरात अडकलेली बोट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. भूत, हडळ, मुंजा, चकवा या मंडळींशी माझी ओळख नाही आणि त्यांनीही कधी माझ्याशी ओळख काढलेली नाही. आमच्या घरात ती सोयच नव्हती. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उतरवला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं ठेवली. आम्ही भावंडं त्या कोनाड्यासमोर वाढलो. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला तर वडील तो सरळ घरी आणायचे आणि आई त्याची चटणी करायची. मी स्वतः शहापुरात मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. स्मशानाला लागून असलेल्या मैदानांत मंडप घातलेत, तिथेच ताडपत्रीवर झोपलोय... डासांव्यतिरिक्त कुणीही त्रास दिलेला नाही.

एवढं सगळं असूनही पुढचा प्रकार माझ्याच बाबतीत घडला. दिवसाढवळ्या, डोक्यावर ऊन असताना, बायकोच्या डोळ्यांदेखत. बायकोच्या डोळ्यांदेखत म्हटल्यावर तुमच्या लक्षात येईल, की मला यात फार मीठ-मसाला घालता येणार नाही. तिने हा मजकूर आधी वाचलाय.

सुरुवात सॅल्मनपासून झाली. खरंच. माझा मेहुणा दिलीप मुरबाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. शिफ्ट संपली की त्याला मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघायचं वेड. त्यात एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ त्याच्या डोक्यात बसला — नवशिक्यांनी लहान बोट घेऊन सॅल्मन पकडायला कुठे जावं, सेफ जागा कशी ओळखावी. दिलीपने तो पाठ केला होता. पाणी संथ हवं. तळ सपाट हवा. किनारा नजरेत हवा. धरणाची भिंत आणि नदीची धार, दोन्हींपासून लांब राहायचं.

मी त्याला म्हटलं, "दिलीप, आपल्याकडे सॅल्मन येतो तो हॉटेलच्या मेनूकार्डावर, आणि ताटात बघितलं तर तो रावस असतो."

"भाऊजी, मासा बदलायचा. नियम नाही बदलायचे," तो गंभीरपणे म्हणाला. आणि त्याने बोट मागवली. रबरी, पायाच्या पंपाने फुगवायची, दोन माणसांपुरती. सोबत दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेट. ती बोट आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा फुगवली तेव्हा सोफा बाहेर अंगणात काढावा लागला होता.

आता या दिलीपची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्याला शुगर आहे. साधी गोळीवाली नव्हे — सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतो. ते घेतलं की जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. चुकली तर शुगर झपाट्याने खाली येते. एकदा बहिणीच्या घरी, म्हणजे आमच्याच घरी, गणिताच्या मास्तरासारखा बोलणारा हा माणूस अचानक भिंतीकडे बघून हसायला लागला होता. निर्मलाने, माझ्या बायकोने, तेव्हा त्याच्या तोंडात साखर कोंबली. तेव्हापासून भाऊ कुठेही निघाला की ती डबा घेऊन मागे. मासेमारीलाही तिची अट हीच होती — मी किनाऱ्यावर बसणार, डबा माझ्याकडे, दोघांचे मोबाइलही माझ्याकडे, पाण्यात भिजवून आणाल. जेवायला बारा वाजता बाहेर यायचं.

जागा दिलीपनेच शोधली. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना एक आतला रस्ता फुटतो, त्या बाजूला एक लहानसं धरण आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. धरणात खालची भातशेती गेली आणि लोकांनी वर टेकाडावर नवी वाडी बसवली. दिलीपच्या कारखान्यातल्या एका कामगाराचे वडील तिथे राहतात, बाळाराम काका. माशांचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारून झालं होतं. पण कामगाराने दिलीपला बजावलं, की ठेकेदाराचं सोड, वाडीत जाऊन ज्याच्या खाचरात बसणार त्याला आधी विचार.

इथे मी पहिल्यांदा हसलो. खाचर म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. आणि ही सगळी खाचरं तर कित्येक वर्षं पाण्याखाली.

पण वाडीतली रीतच तशी आहे. शेत बुडालं तरी कुणाचं कुठे ते कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांधांच्या रेघा दिसायला लागतात, पाणी चढलं की जातात. पण वाडीतला माणूस गळ टाकायला उतरला की ज्याचं खाचर खाली असेल त्याच्या ओट्यावर जाऊन विचारतो. नाही कुणी म्हणत नाही. चहा होतो, बाजारभाव होतो, आणि माणूस मासे पकडायला जातो. मला ही पद्धत फारच आवडली. मंडपाच्या धंद्यात मी इतकी वर्षं आहे, मला कुणी माझा खांब जिथे रोवलाय तिथे साधं 'सरकवू का' असं विचारलेलं नाही.

होळी होऊन गेली होती. गुरुवार असावा, कारण दिलीपची सुट्टी गुरुवारी असते. आम्ही बाळाराम काकांच्या ओट्यावर गेलो. काका ओट्यावर मांडी घालून बसले होते, कानाला थोडे कमी, पण आवाज असा की त्यांना माइकशिवाय मंडपात उभं करावंसं वाटलं. वाडीतली कामाची माणसं गेलेली. म्हातारी आणि कोंबड्या तेवढ्या मागे.

काकांनी ओट्यावरूनच खाली पाण्याकडे हात केला. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्यात एक वठलेलं झाड उभं होतं, बुंधा पाण्यात आणि वर नुसत्या काटक्या.

"तो ऐन दिसतो ना, तो बांधावरचा. त्याच्या अलीकडं माझं खाचर. सपाट हाय, धार नाय, काय भ्या नाय. बसा खुशाल."

दिलीपने नियमाप्रमाणे विचारलं, "आणि ऐनाच्या पलीकडे?"

"ते बी आपलंच," काका म्हणाले. "सगळं माझंच हाय."

आम्ही आभार मानले, चहा घेतला. घरातून त्यांच्या सुनेने आमच्याकडे एकदा बघितलं आणि ती आत निघून गेली. ते आता आठवतं. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. सुना सासऱ्यांच्या बोलण्यावर तसंच बघतात.

बोट फुगवली, जॅकेटं चढवली. निर्मला एका जांभळीच्या सावलीला चटई टाकून बसली, डबा शेजारी. बाळाराम काका काठी टेकत गंमत बघायला खाली आले. मी वल्ही घेतली. आता जे कधी असल्या बोटीत बसले नसतील त्यांच्यासाठी सांगतो — वल्हवणारा जिकडे जातो तिकडे त्याची पाठ असते. म्हणजे आत जाताना मला किनारा दिसत होता, निर्मला दिसत होती आणि 'अहो, उजवीकडे' अशा सूचनाही येत होत्या.

पहिला तासभर बाळाराम काकांच्या खाचरावर बसलो. आमिष म्हणून कणकेच्या गोळ्या होत्या, त्यात हिंग घातलेला. माशाला आवडतो म्हणतात. आमच्याकडच्या माशांना आवडला नाही. एकही लागला नाही. मग ऐनाच्या पलीकडे पाण्यावर एक मोठं वर्तुळ उठलं... मग दुसरं. दिलीप कुजबुजला, "भाऊजी, कटला असणार. तिकडे चला."

गेलो. ऐन उजव्या हाताला ठेवून सहज पलीकडे. काही जाणवलं नाही, काही थांबलं नाही. आणि खरोखर, गळ टाकल्या टाकल्या दिलीपला लागला. कटलाच. हाताच्या कोपरापर्यंत आला असता. दिलीपचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं. त्या गोऱ्यालाही सॅल्मन लागल्यावर इतका आनंद झाला नसेल. दुसरा लागला, तिसरा सुटला. माशांच्या नादात बारा कधी वाजले कळलं नाही. निर्मलाने हाक मारली तेव्हा मी म्हटलं, चल आता, नाहीतर तुझी बहीण पोहत येईल.

वल्ही मारायला लागलो.

आता परत येताना पाठ किनाऱ्याकडे, तोंड आतल्या पाण्याकडे. मी छान लयीत वल्हवत होतो, बोलतही होतो. थोड्या वेळाने दिलीप म्हणाला, "भाऊजी, ऐन तिथेच आहे."

मी मान वळवली. ऐन आमच्या बाजूलाच, हात लांबवला तर फांदी हाताला यावी इतका जवळ. मला वाटलं बोट कशात तरी अडकली. बुंध्यात, मुळीत. खाली वाकून बघितलं, वल्हं उभं खाली घातलं. तळ लागला नाही. एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढं पाणी बांधावर होतं. बोटीखाली काहीही नव्हतं. पुन्हा वल्हवलं. पाणी वल्ह्याने मागे जात होतं, फेस निघत होता, बोट पुढे सरकल्यासारखी वाटायची... आणि ऐन तिथेच.

वारा नव्हता. पाणी आरशासारखं पडलं होतं. तुम्ही म्हणाल चकवा. चकव्यात माणसाला वाट सापडत नाही म्हणतात. मला वाट दिसत होती. वाटेच्या टोकाला माझी बायको उभी होती आणि डब्याचं झाकण उघडत होती.

मी नाटकी माणूस आहे, घाबरलो तरी आधी विनोद करतो. ओरडलो, "निर्मला, पोळ्या गार होऊ दे, बोटीला यायचं नाहीये." ती म्हणाली पुरे आता. मी म्हटलं बघ तू. आणि खरंच तिने बघितलं. मी जीव खाऊन वल्हवत होतो आणि बोट जागच्या जागी. तिला वाटलं मी नाटक करतोय. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाने कमावलेली पत अशा वेळी उपयोगाला येते.

मग वाटलं, इथून नाही तर दुसरीकडून. बोट वळवली. आत, किनाऱ्यापासून लांब नेली. मजेत गेली! थोडं गेल्यावर थांबली. डावीकडे घेतली, गेली, थांबली. उजवीकडे घेतली. एका ठिकाणी ती न दिसणारी कड जरा आत वळलेली होती, तिथे बोटही आत वळून थांबली. कुठे धक्का नाही, कुठे ओढ नाही. फक्त त्यापुढे नाही. मंडपवाल्याला जागेचा अंदाज असतो. मी चारही बाजू फिरलो आणि मला कळलं की मी एका मैदानाची मापं घेतोय... आणि ते मैदान मला दिसत नाहीये.

किनाऱ्यावर बाळाराम काका उठून उभे राहिले होते. ते हसत नव्हते. मला नंतर निर्मलाने सांगितलं, बोट कडेकडेने फिरायला लागली तसे ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले — हा वरचा बांध, हा ओहळाचा बांध, हा वाकडा...

दिलीपकडे बघितलं तेव्हा माझा विनोद संपला. त्याच्या कपाळावर, मानेवर घाम. वल्हवत मी होतो. त्याचे हात थरथरत होते आणि तो माझ्याकडे बघून हलकेच हसत होता, काही कारण नसताना.

"दिलीप, खिशात गोळ्या आहेत ना? चॉकलेट?"

"शर्टात," तो म्हणाला. शर्ट त्याने जॅकेट घालण्याआधी काढून ताईकडे दिला होता.

बोटीत खायला काय होतं सांगतो. दोन कटला, जिवंत. आणि हिंग घातलेली कणीक. मी त्याला ती कणीक भरवली. कच्ची. माशांनी नाकारलेली. त्याने मुकाट्याने चघळली, थोडी गालावरून गळाली. कच्च्या कणकेने काय होणार... त्याला साखर हवी होती, आणि साखर समोर होती. निर्मलाने पिशवीतून गुळाचा खडा काढून पूर्ण ताकदीने फेकला. तो मध्येच पाण्यात पडला. दुसरा फेकला. मग डबाच फेकला. तोही बुडाला. बाळाराम काकांनी गुरांचं दावं आणलं, दगड बांधून भिरकावलं, ते ऐनाच्या बरंच अलीकडे पडलं. निर्मला मोबाइल हातात घेऊन रेंज शोधत टेकाड चढली आणि तशीच उतरली.

मग मी पाण्यात उतरलो. जॅकेट होतंच. विचार केला, बोट नाही तर नाही, मी हातपाय मारत जातो, गूळ घेऊन येतो. उतरलो, हातपाय मारले. मला पोहता फारसं येत नाही, पण इतकं येतं. पाणी कोमट होतं. कशानेही पाय धरला नाही, कुणीही ओढलं नाही. मी नुसता ऐनाच्या शेजारी हातपाय मारत राहिलो, दम संपेपर्यंत. मग बोटीची दोरी धरून लोंबकळत राहिलो. वर दिलीप माझं नाव घेऊन हाक मारत होता. आजवर त्याने मला कधी नावाने हाक मारलेली नाही. मग तो थांबला.

मी कसाबसा वर चढलो. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. हलवलं तर हुंकार देत होता. मी त्याला मांडीवर घेतलं आणि बसलो. आयुष्यात मी कधी असा बसलेलो नाही. माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं — तोडगा, ओळख, ओळखीचा ओळखीचा. तिथे काहीच नव्हतं. बायको समोर, तिचा भाऊ मांडीवर, मध्ये सपाट पाणी.

किनाऱ्यावर काय चाललं होतं ते मला पाण्यावरून तुकड्या-तुकड्याने ऐकू येत होतं, बाकीचं निर्मलाने सांगितलं. बाळाराम काका पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले होते. ते आमच्याशी बोलत नव्हते.

"काळू, सोड रे त्यांना. मी थोरला हाय तुझा. मी सांगतो ना, सोड."

काही झालं नाही. पुन्हा म्हणाले. मग त्यांचा आवाज बसला. निर्मलाने त्यांचा दंड धरला आणि विचारलं, कोण काळू, कोणाशी बोलताय तुम्ही. तेव्हा ते बोलले. ऐनाच्या पलीकडचं खाचर त्यांचं नव्हतंच. धाकट्या भावाचं, काळूरामचं. वाटण्यांवरून दोन्ही घरांचा अबोला. शेत बुडाल्यावरही काळूराम दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली यायचा आणि ढासळलेला बांध पुन्हा लिंपायचा. दोन महिन्यांनी तो परत पाण्याखाली जायचा. लोक हसायचे. तो गेल्याला बरीच वर्षं झाली, तापाने गेला. आणि त्याची एक खोड अख्ख्या वाडीला माहीत होती. त्याच्या खाचरात कुणाचं जनावर शिरलं तर तो मारायचा नाही, हाकलायचाही नाही. बांधून ठेवायचा. सावलीला बांधायचा, पाणी पाजायचा. पण सोडायचा नाही. जनावराच्या मालकाने घरी येऊन मागावं लागायचं, आणि मग तो किंवा त्याची बायको दावं सोडायची.

"माझं नाय ऐकायचा तो," बाळाराम काका म्हणाले. "तिला आना. सुगंधाला."

निर्मला टेकाड कसं चढली ते तिलाच आठवत नाही. सुगंधाकाकू, काळूरामची बायको, दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. हिने सगळं सांगितलं, रडत, उलटसुलट. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. विचारलं, खाचरात बसायच्या आधी कुणाला विचारलं होतंत? ही म्हणाली, बाळाराम काकांना.

"त्यांचंच हाय ना सगळं? मग त्यांनीच सोडवावं."

निर्मला म्हणते, मला तेव्हा काही सुचलं नाही. माझ्या बायकोला काही न सुचणं ही काय गोष्ट आहे ते मला विचारा. ती तिथे खालीच बसली आणि इतकंच म्हणाली, "माझा पाठचा भाऊ आहे तो, काकू. तुम्हाला विचारायला हवं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आता विचारते."

काकूंनी सूप ठेवलं.

मला त्या दिसल्या त्या टेकाडावरून उतरताना. बारीक चणीच्या, पदर खोचलेला, घाई बिलकूल नाही. दिराकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाण्याच्या कडेला आल्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काही मंत्र, काही ओवाळणं, निदान एक आरोळी... त्या नुसत्या बोलल्या. घरात जेवायला बसलेल्या माणसाशी बोलावं त्या आवाजात. पाणी सपाट असलं की आवाज लांबवर जातो, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अवो, सोडा त्यांना. पाव्हनं हायेत. त्यांना ठावं नव्हतं."

मी दिलीपला बाजूला टेकवलं आणि वल्ही घेतली. विश्वास ठेवून नव्हे, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. तोंड आतल्या पाण्याकडे होतं. दोनदा-तीनदा वल्हवलं असेल, आणि माझ्या खांद्यामागचा ऐन सरकत सरकत माझ्या समोर आला. मग लहान व्हायला लागला. मी ओरडलोही नाही. भीती वाटली की ओरडलो तर थांबेल.

निर्मला कमरेइतक्या पाण्यात धावत आली. तिने दिलीपच्या गालाच्या आत पिशवीत उरलेला गूळ चोळला, पुन्हा पुन्हा, बोटाने. बराच वेळ काही नाही. मग त्याने तिचं बोट चावलं. ती त्याला एक थोबाडीत देऊन रडायला लागली. मुरबाडला डॉक्टरकडे नेईपर्यंत तो बोलायला लागला होता आणि मासे कुठे आहेत विचारत होता. त्याला मासे लागल्यानंतरचं काही आठवत नाही. त्याच्या हिशोबाने आम्ही तीन कटला पकडले, एक सुटला, आणि भाऊजींनी उगाच घरी आणलं.

आता तुमचे प्रश्न. खालून प्रवाह असेल? मग जाताना का नव्हता, आणि चारही बाजूंनी आत ढकलणारा प्रवाह कुणी पाहिलाय? दमलो असेन? दमलो होतो, पण सुटल्यावर त्याच हातांनी बोट आली. घाबरून भ्रम झाला? मला झाला असेल. किनाऱ्यावरच्या निर्मलाला, काकांना तोच भ्रम? मी धरणावर काम करणाऱ्या एका इंजिनिअरलाही सगळं सांगून बघितलं. तो म्हणाला, तुम्ही छान सांगता.

पण मला हे लिहायचं होतं ते याच्यासाठी नाही.

दिलीप सावरल्यावर काही दिवसांनी मी आणि निर्मला सुगंधाकाकूंकडे लुगडं आणि पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा घेतला, लुगडं बाजूला ठेवलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना त्या मला म्हणाल्या, "तुमाला काय दिसलं का तितं?"

मला लोक गोष्टी सांगायला लग्नांत बोलावतात. त्या क्षणी एक शब्द बनवता आला नाही. म्हटलं, नाही काकू.

"आवाज? खाकरल्याचा?"

"नाही."

त्या आमच्याबरोबर अंगणापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "त्या तुमच्या रबराच्या व्हडीतून मला नेता का तितवर?"

बोट गाडीच्या डिकीतच पडली होती. निर्मलाने माझ्याकडे बघितलं. मी खोटं कशाला बोलू, मला तिथे परत जायचं नव्हतं. पण त्या बाईला नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. बोट फुगवली. लुगड्यावरून लाइफ जॅकेट चढवायला त्यांनी आधी नकार दिला, मग निर्मलाने स्वतः पट्टे आवळले आणि दोघी हसल्या. बाळाराम काका वर ओट्यावर उभे राहून बघत होते. खाली आले नाहीत.

मी वल्हवत गेलो. ऐन आला, बाजूला पडला, मागे गेला. आम्ही खाचरावर होतो. काकूंनी पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. काही वर्तुळ उठलं नाही, मासासुद्धा हलला नाही. बराच वेळ बसलो. मग त्या म्हणाल्या, चला. मी बोट वळवली. मी वल्हं मारलं, आणि काकू बोटीच्या कडेला घट्ट धरून बसल्या होत्या, डोळे ऐनावर. बोट बांधावरून पलीकडे आली. जशी कुठल्याही पाण्यावरून यावी तशी.

काकूंनी मागे वळून बघितलं. "परत फिरवा," म्हणाल्या.

फिरवली. आत गेलो, बाहेर आलो. कुठेही अडलं नाही.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "काकू, घरच्या माणसाला कोण अडवतंय?"

"त्ये खरं," त्या म्हणाल्या. पाण्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन जरासं धरायचं तरी."

आम्हाला त्या दिवशी कुणी धरलं, का धरलं, त्या चार शब्दांनी कसं सोडलं, आणि जिला धरायला हवं होतं तिला का नाही — हे प्रश्न मी पुन्हा त्या इंजिनिअरकडे नेले नाहीत. मी वल्ही हातात घेऊन बसलो होतो, आणि माझ्याकडे तिच्यासाठी एवढंच होतं.

"अजून एकदा फिरवू का, काकू?"

त्यांनी मान डोलावली. मी बोट पुन्हा ऐनाकडे वळवली.